अलेप्पोच्या पेट्या कोणी दिल्या?

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कापूस प्रतवारी केंद्राचे संचालक उस्ताज वजीह हल्लाक. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते इजिप्तचे मुख्य तज्ज्ञ, इंजिनिअर रिफअत शलबी. नव्या प्रशासनातर्फे आवर्जून आलेले कॅप्टनसाहेब. व्यापारी मंडळाचे सन्माननीय सभासद. आणि खुर्च्या मोकळ्या असूनही मागे भिंतीला टेकून उभे राहिलेले माझे सहकारी बंधुभगिनींनो,

मी सुलाफा सब्बाग, प्रयोगशाळेत तंतूंची तपासणी करते. मला पाच मिनिटं दिली आहेत. आधी काय घडलं ते सांगायचं आणि अर्थ नंतर लावायचा, अशी मला सवय आहे. ही सवय रिफअत शलबींनीच लावली, ज्यांना आपण सगळे रिफअत बेक म्हणतो. म्हणून आधी घडलं ते.

१. १९५८च्या फेब्रुवारीत आपला देश सीरिया आणि इजिप्त एक झाले. आपलं नाव ‘उत्तर विभाग’ झालं.

२. पुढच्या वर्षी वेचणीच्या हंगामात रिफअत बेक या केंद्रात मुख्य तज्ज्ञ म्हणून आले.

३. त्याच हिवाळ्यात आपल्या प्रतवारीच्या सात मूळ नमुना-पेट्या अलेक्झांड्रियाला गेल्या. त्या परत आल्या नाहीत.

४. गेल्या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला दोन्ही देश वेगळे झाले.

५. तीन ऑक्टोबरला आपले भांडारपाल मुअल्लिम हारुत यांना कामावरून दूर केलं. पेट्या त्यांनी परस्पर दिल्या असा संशय आहे. येत्या सोमवारी ते चौकशी समितीपुढे उभे राहतील.

६. आज बारा ऑक्टोबर १९६१. रविवारी रिफअत बेक बैरूतला जाऊन बोट धरतील.

एवढं घडलं. आता भाषण.

परवा अध्यक्षसाहेबांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, “पोरी, निरोपाला कोणीतरी बोललं पाहिजे. पुरुष बोलला तर उद्या विचारतील, हा इजिप्तवाल्यांचा का? नाही बोलला तर विचारतील, तीन वर्षं त्यांच्या हाताखाली खाल्लंत आणि साधा निरोप नाही? तू बोल. तुझ्या बोलण्याचा कोणी अर्थ काढणार नाही.” मग दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, “कापसावर बोल. देशावर नको.”

मी कापसावरच बोलणार आहे. देश त्यात आपोआप येतो, त्याला माझा इलाज नाही.

ही खोली सगळ्यांना ठाऊक आहे. खिडक्या फक्त उत्तरेला, कारण दक्षिणेचं ऊन रुईचा रंग खोटा दाखवतं. याच टेबलांवर, जिथे आज पिस्त्याची मिठाई मांडली आहे, आपण रुईचा पुंजका ठेवतो, शेजारी नमुन्याची पेटी उघडतो आणि म्हणतो: ही पहिली प्रत, ही तिसरी. पेटी नसेल तर डोळा काहीही म्हणतो. डोळ्याला आठवण नसते. म्हणून दरवर्षी जुन्या पेटीशी ताडून नवी पेटी भरायची आणि नवीवरून पुढची, अशी ती साखळी चालते. आपल्या मूळ सात पेट्या मुअल्लिम हारुत आणि त्यांच्या आधीच्या भांडारपालांनी आपल्या जिल्ह्यातल्या रुईने भरल्या होत्या. काळ्या कागदाचं अस्तर, वर काच, काचेवर पुन्हा लाकडी झाकण. उजेड लागू नये म्हणून हारुत ती खोली उघडताना आधी बाहेरचा दिवा मालवायचे आणि आम्हाला म्हणायचे, “हळू. झोपल्यात.”

रिफअत बेकनी त्या पेट्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा तिथे आम्ही चौघं होतो: रिफअत बेक, तेव्हा उपसंचालक असलेले वजीह साहेब, मुअल्लिम हारुत आणि मी. बेकनी सातही झाकणं उघडली. बराच वेळ वाकून पाहिलं. मग म्हणाले, “वजीहभाई, असं काम मी अलेक्झांड्रियातही पाहिलं नाही.”

वजीह साहेबांनी छातीवर हात ठेवला. “तुमच्यावरून ओवाळून टाकल्या. घेऊन जा, तुमच्याच आहेत.”

नोंद नीट व्हावी म्हणून, सगळ्यांना ठाऊक असलेलंच सांगते. अलेप्पोत पाहुण्याने घरातल्या गालिच्याचं कौतुक केलं की धनी म्हणतो, घेऊन जा. पाहुणा म्हणतो, धन्याच्या घरीच शोभतो. धनी पुन्हा आग्रह करतो, पाहुणा पुन्हा हात जोडतो. गालिचा जागचा हलत नाही आणि दोघांची अब्रू राहते. माझ्या आजोबांनी या पद्धतीने आपलं घर निदान शंभर जणांना दिलं असेल. आम्ही अजून तिथेच राहतो.

रिफअत बेक म्हणाले, “देव तुमचं भलं करो.” आणि सातवं झाकण लावलं.

पुढचं वाक्य आलंच नाही. मी वाट पाहिली. हारुतनी आधी वजीह साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वजीह साहेब म्हणाले, “चला, कॉफी निवेल.”

पुढल्या आठवड्यात बेकनी भांडारात येऊन सांगितलं, “मुअल्लिम, पेट्या बांधा. दोन्ही विभागांची प्रतवारी एकच व्हायची आहे, अलेक्झांड्रियाच्या लोकांना ताडून पाहू दे.” हारुत वजीह साहेबांकडे गेले. मी तिथेच तराजूची काच पुसत होते.

“साहेब, बांधू?”

“मीच ‘घ्या’ म्हटलं. आता पाहुण्याला ‘नको’ कुठल्या तोंडाने म्हणू?”

“मग नको बांधू?”

“असं मी म्हटलं का? तू बघ काहीतरी.”

बांधायचं काम एका दुपारचं होतं. हारुतनी त्याला आठवडा लावला. आज कापूर नाही, उद्या खिळे आखूड आहेत, परवा भुसा ओला आहे. कोणीतरी येऊन ‘थांब’ म्हणेल, याची ते वाट पाहत होते. कोणी म्हटलं नाही. मी तेव्हा नवी होते आणि मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय बोलले असते, हे आज सांगणं सोपं आहे, म्हणून सांगत नाही.

बदल्यात अलेक्झांड्रियाहून पेट्या आल्या. सुंदर होत्या. लांब तंतू, साईसारखा रंग. त्यांच्याशेजारी आपली रुई ठेवली की ती आखूड आणि उपाशी दिसायची. उंटाशेजारी उभं केल्यावर घोडा बुटका ठरतो, त्यात उंटाचा दोष नाही. पण घोड्याची प्रत दोन पायऱ्या खाली गेली. शेतकरी विचारू लागले, कापूस तोच, जमीन तीच, मग आम्ही खाली कसे गेलो? व्यापारी म्हणू लागले, कैरोला आपला कापूस मारायचा आहे. आणि रिफअत बेक संध्याकाळी मला विचारायचे, “आनिसा सब्बाग, मी खोलीत आलो की सगळे गप्प का होतात? कोणी काही लिहून कळवतं आहे का?” त्याच संध्याकाळी बाहेरच्या ओसरीत लोक मला विचारायचे, “तो संध्याकाळी तुझ्याशी काय बोलतो? तुझ्याकडून काही लिहून घेतो का?” मी दोघांना एकच उत्तर द्यायचे: तंतूंच्या लांबीबद्दल बोलतो. दोघांचाही विश्वास बसायचा नाही. हळूहळू माझाही कोणावर बसेनासा झाला.

देश का तुटला, याची मोठी कारणं वर्तमानपत्रात येतातच. अठ्ठावीस तारखेला रेडिओने दुपारी सांगितलं मिटलं आणि संध्याकाळी सांगितलं तुटलं. मधल्या वेळात काय झालं ते मला माहीत नाही. मला माहीत आहे ती ही एक खोली. आणि या खोलीत गेला पंधरवडा चहाच्या वेळी जे कारण सांगितलं जातं ते असं: आपण सगळंच ‘घेऊन जा’ म्हणून दिलं. आपले पक्ष, आपली संसद, आपलं नाव. आपण म्हणालो तो आग्रह होता, त्यांना वाटलं ते दान आहे. आपल्याला ‘नाही’ म्हणता येत नाही आणि त्यांना दुसऱ्यांदा विचारता येत नाही. दोन सभ्य माणसं, मध्ये एक गैरसमज. परवा व्यापारी मंडळातले एक काका हे सांगताना डोळे पुसत होते.

सांगणाऱ्यांची क्षमा मागून म्हणते, ही गोष्ट मला फार गोड लागते. म्हणूनच मला तिचा संशय येतो.

कारण ही गोष्ट खरी धरली तर दोषी कोणीच नाही. देणाऱ्याने मनापासून दिलं नाही, घेणाऱ्याने जाणूनबुजून घेतलं नाही. मग पेट्या गेल्या कशा? उरतो तो, ज्याने खोक्याला खिळे ठोकले. समितीही याच हिशेबाने चालली आहे. लेखी हुकूम सापडत नाही, म्हणजे हुकूम नव्हता. हुकूम नव्हता, म्हणजे भांडारपालाने स्वतः दिलं. हारुत आर्मेनियन आहेत, म्हणजे लोकांच्या लेखी बाहेरचे, त्यामुळे पुढचं वाक्य लोक मनातल्या मनातच पूर्ण करतात.

कॅप्टनसाहेब, आपण टिपण घेत आहात. मी जरा हळू बोलते.

तर दोन गोष्टींमुळे मला त्या गैरसमजाचा संशय येतो.

पहिली. मागच्या वसंतात आपण सगळे आफ्रीन नदीकाठी सहलीला गेलो होतो. हारुतच्या घरून वांग्याचं लोणचं आलं होतं, आणि रिफअत बेक चुलीशी बसून गोष्टी सांगत होते. गोष्ट सांगावी तर बेकनी, हे त्यांचे शत्रूही मान्य करतील. ते म्हणाले, “आमच्या मन्सूराकडे नावाड्याचं आमंत्रण म्हणतात. नावाडी नाईलच्या मधोमध जेवायला बसलेला असतो. काठावरून ओळखीचा चाललेला दिसला की तो ओरडतो, या हो, जेवायला या. त्याला ठाऊक असतं, हा येऊ शकत नाही. काठावरच्यालाही ठाऊक असतं. तो म्हणतो, पोट भरलंय, आणि पुढे जातो.” सगळे हसले. सगळ्यांत जास्त वजीह साहेब हसले.

मी विचारलं, “आणि काठावरचा पोहत आला तर?”

बेक हसायचे थांबले. म्हणाले, “पोरी, पोहत येतो तो भुकेला तरी असतो, नाहीतर त्याला कोणी पाठवलेलं असतं.”

बेक, मी तेव्हा पुढचं विचारलं नाही. पण तुम्हाला आग्रह आणि दान यांतला फरक कळत नव्हता, हे मी त्या दिवसापासून मानत नाही.

दुसरी. पेट्या गेल्या आणि पुढच्याच वसंतात वजीह साहेब संचालक झाले. त्यांच्या आधी दोन नावं होती, ती मागे पडली. यात संबंध असेल असं मी म्हणत नाही. दोन नमुने शेजारी ठेवले म्हणजे ते एकाच शेतातले ठरत नाहीत. पण ते शेजारी ठेवून पाहायचंच नाही, असं मला कोणी शिकवलेलं नाही. त्या दिवशी छातीवर ठेवलेला हात नुसता आग्रहाचा होता का, हे मला माहीत नाही. मी फक्त ऐकणारी होते.

आता ज्यांना निरोप द्यायचा त्यांच्याबद्दल.

रिफअत बेक, बेक ही पदवी तुमच्या देशात रद्द झाली आहे, आमच्या जिभेवरून अजून गेलेली नाही. तुम्ही आलात तेव्हा या प्रयोगशाळेत बाईने बसायचं टेबल नव्हतं. तुम्ही स्वतःचं टेबल खिडकीशी सरकवून दिलंत आणि स्वतः सहा महिने कपाटावर कागद ठेवून लिहिलंत. तंतूंची ताकद मोजायचं यंत्र दोन वर्षं बंद होतं, ते तुम्ही बाही वर करून दुरुस्त केलंत. सुट्टीहून येताना आंबे आणायचात आणि ते कसे खायचे याचं प्रात्यक्षिक करून दाखवायचात. त्या दिवशी तुमच्या शर्टाची प्रत आम्ही पाचवी लावली होती. तुम्ही मला कधीही खोटा आकडा लिहायला सांगितलं नाही. हे सगळं खरं आहे आणि ते मी कोणाहीपुढे सांगेन.

आणि अठ्ठावीस तारखेची संध्याकाळ. सगळे आपापल्या घरी निघून गेले होते, मी तेवढी टेबल आवरत मागे राहिले होते. बेक याच खोलीत दिवा न लावता बसले होते. रस्त्यावर घोषणा चालल्या होत्या, कधी या बाजूच्या, कधी त्या. बेकनी तोंड उघडलं असतं तर पहिल्याच शब्दाला ते इजिप्तचे म्हणून ओळखू आले असते. तेव्हा मुअल्लिम हारुत आले. म्हणाले, “चला साहेब. घरापर्यंत तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. मी आर्मेनियनमध्ये बोलत राहतो, तुम्ही मान हलवत राहा. लोक म्हणतील, दोन आर्मेनियन भांडत चाललेत, जाऊ दे.” आणि तसे ते गर्दीतून गेले. मी पंधरा-वीस पावलं मागे होते. हारुत हातवारे करत बोलत होते आणि रिफअत बेक मान हलवत होते.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, “मुअल्लिम, एवढं काय बोलत होतात?”

म्हणाले, “शिव्या देत होतो. पेट्या गेल्या तेव्हापासूनच्या साठल्या होत्या. बिचारा सगळ्याला हो म्हणत होता.”

हसू आलं तर हसा, मलाही आलं होतं. आता पुढचं ऐका. ती वाटचाल कोणीतरी पाहिली आणि कळवली. आज हारुतवर जे आरोप आहेत, त्यांत दुसरा असा आहे: इजिप्तच्या अधिकाऱ्याशी संशयास्पद जवळीक. त्या गर्दीत आपल्या केंद्रातलं मी सोडून आणखी कोण होतं, हे मला ठाऊक नाही. मी कळवलं नाही, एवढं मी सांगू शकते. ते खरं मानायचं की नाही, हे तुमच्यावर. गेल्या तीन वर्षांत आपण एकमेकांच्या शब्दाची तेवढीच किंमत ठेवली आहे.

हारुतना मी काल भेटले. अंगणात खुर्ची टाकून बसले होते, आणि तीसेक वर्षांत पहिल्यांदाच ऑक्टोबरमध्ये त्यांच्या बाहीवर रुई नव्हती. त्यांची बायको आग्रहाने जेवायला वाढत होती. ते म्हणाले, “समारंभात माझं नाव काढू नकोस. दोघंही मोठी माणसं आहेत, त्यांना अवघड होईल.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “समितीने विचारलं, बांधायला कोणी सांगितलं? मी काय सांगू? एकाने सांगितलं, दुसऱ्याने नको म्हटलं नाही. यातलं कुठलं नाव घेतलं म्हणजे मी चुगलखोर ठरणार नाही?” सोमवारी ते कोणाचंही नाव घेणार नाहीत. मी त्यांना ओळखते. आणि नाव घेतलं नाही, तर त्यांचं काम कायमचं जाईल. कदाचित एवढ्यावर भागणारही नाही. गेल्या दोन आठवड्यांत लोक कुठे कुठे नेले गेले, हे इथे बसलेल्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मला माझी पाच मिनिटं संपल्याची खूण केली जाते आहे. अध्यक्षसाहेब, मी पाहिली.

या समारंभाची व्यवस्था करणाऱ्या सर्वांचे, खुर्च्या देणाऱ्या शेजारच्या शाळेचे, मिठाई पाठवणाऱ्या व्यापारी मंडळाचे आणि एवढा वेळ शांत राहिलेल्या श्रोत्यांचे मी आभार मानते. अशा प्रसंगी जे बोलायचं नसतं ते बोलले असेन, आणि जे आवर्जून बोलायचं असतं ते विसरले असेन. वयाने, मानाने मोठ्या असलेल्यांनी ते पोटात घालावं. रिफअत बेक, तुमचा प्रवास सुखाचा होवो. हे मी रीत म्हणून म्हणत नाही.

शेवटी एक विनंती आहे, ती मंचावरच्या दोघांना.

रिफअत बेक, पेट्या बांधायला तुम्ही सांगितलंत का? आणि तुम्हाला कोणी सांगितलं होतं? वजीह साहेब, हारुतनी तुम्हाला विचारलं होतं का? आणि तुम्ही त्यांना थांबवलंत का? आग्रह होता की दान, पोहत आला तो भुकेला होता की पाठवलेला, हे मी आता विचारत नाही. ते तुमचं तुमच्यापाशी राहू दे. मला समितीपुढे ठेवायला एवढंच पुरे आहे, तुमच्या हस्ताक्षरात आणि खाली तुमच्या सहीनिशी. तुमच्याकडून आलं नाही, तर सोमवारी मी स्वतः जाऊन जे ऐकलं ते सांगेन. पण मी फक्त ऐकणारी आहे, आणि ऐकणाऱ्याच्या शब्दावर या दिवसांत कोण विश्वास ठेवतो, हे आपण जाणतो.

उद्या शुक्रवार, केंद्र बंद आहे. परवा शनिवारी, चौदा ऑक्टोबरला, सकाळपासून मी माझ्या टेबलाशी असेन. कृपया दुपारी बारापर्यंत उत्तर द्यावं.